आहेराचा खण भिंतीवर

लग्नात आणि डोहाळजेवणात आलेली कापडं तू एका पिशवीत कोंबून माळ्यावर टाकायला निघाली आहेस, असं वहिनी फोनवर म्हणाली. टाकू नकोस गं. त्यातल्या चार-पाच कापडांच्या छोट्या गोधड्या कर, भिंतीवर लावायच्या. फूटभर रुंद आणि सव्वा फुटाहून जरा उंच, एवढ्याच. ठाण्याच्या तुझ्या घरात अंथरायच्या-पांघरायच्या गोधडीला जागा नाही, पण देव्हाऱ्याशेजारची भिंत मोकळी आहे, ती मी पाहून आले आहे. माझ्या सासूबाई वाकळ शिवायच्या, घरात पांघरायला. भिंतीवरचं मी सुरू केलं, पण कापड कसं पारखायचं, कात्री कुठे लावायची, दोरा किती घ्यायचा, हे सगळं त्यांच्याकडून आलेलं. आता तुझ्या कानावर घालते.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर, बाकी सगळं त्यावरून ठरतं. भेटीच्या कापडाची गोधडी करताना देणाऱ्या माणसाला आपलं कापड लांबून ओळखू आलं पाहिजे. मामी घरी आली, सोफ्यावर टेकली, आणि पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आत म्हणाली, 'अगं, हा माझा खण ना?' की काम जमलं. दुकानातून रंगाला रंग लावून आणलेल्या कापडाचे दोन-दोन इंचांचे तुकडे करून बारीक नक्षी मांडता येते आणि ती देखणीही दिसते. आहेराच्या कापडाचं तसं केलंस तर कापड उरतं, माणूस हरवतो. म्हणून तुकडे मोठे ठेव. ज्या खुणेने कापड ओळखलं जातं, मग ती काठाची असो, बुट्ट्यांची असो किंवा पदराच्या टोकाची, ती खूण अखंड राहिली पाहिजे. कापायच्या आधी प्रत्येक कापडाकडे बघून स्वतःला विचार, की यातलं काय बघून हे कोणाचं ते कळेल? तेवढं सांभाळ आणि उरलेल्यावर बिनधास्त कात्री चालव.

पिशवी दुपारच्या उजेडात खिडकीशी रिकामी कर. प्रत्येक कापडाला एक चिठ्ठी दोऱ्याने बांध: कोणी दिलं, कधी, कशाच्या निमित्ताने. टाचणी लावू नकोस, आपल्या पावसाळ्यात टाचणी गंजते आणि गंजाचा डाग काही केल्या जात नाही. आत्ता तुला सगळं तोंडपाठ आहे. वर्षभरात तो पोपटी ब्लाउजपीस साठेकाकूंचा की शेजारच्या आजींचा, हे तुलाही सांगता येणार नाही.

मग सुती, रेशमी आणि पॉलिस्टर असे तीन ढीग लाव. बोटांना कळलं नाही तर काठाचे दोन-तीन धागे उपसून चिमट्यात धर आणि मोरीत, पाण्याची वाटी जवळ ठेवून, काडी लाव. सुती धाग्याला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ करडी राख राहते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. ही परीक्षा मुख्यतः इस्त्रीसाठी लागते. ओटीत मिळणारे हल्लीचे ब्लाउजपीस बरेचसे पॉलिस्टर मिसळलेले असतात. सुतीवर फिरवतो तशी तापलेली इस्त्री त्यांच्यावर ठेवलीस की कापड आकसतं किंवा त्यावर चकाकणारा ठसा उमटतो. जरीचंही तसंच. आजकालची बहुतेक जर प्लास्टिकची, ती थेट इस्त्रीखाली वितळते. वर सुती फडकं टाकून, उलट्या बाजूने, हलक्या हाताने इस्त्री कर. पॉलिस्टर म्हणून कोणाचं कापड बाजूला टाकू नकोस मात्र. कामवाल्या ताईंनी डोहाळजेवणाला दिलेला ब्लाउजपीस पन्नास-साठ रुपयांचा असेल, पण त्याला तुझ्या भिंतीवर जागा हवीच.

सुती कापडं रात्रभर पाण्यात भिजव. दोन कारणं आहेत. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. ते गोधडीत शिवल्यावर आटलं तर शेजारचं न आटणारं कापड फुगून येईल. आणि नव्या कापडात खळ असते, ती निघून गेली पाहिजे. खळीवर कसर येते. अंगात घालायचं कापड आपण सारखं धुतो, भिंतीवरचं धुवत नाही, म्हणून ही काळजी आधीच घ्यायची.

रंगाची परीक्षा अशी. पांढऱ्या धोतराचा तुकडा ओला करून कापडावर ठेव आणि गरम इस्त्री दाब. पांढऱ्यावर डाग आला तर रंग कच्चा. लाल, मरून, गडद निळा आणि काळा यांच्यावर जास्त लक्ष ठेव. मीठ-तुरटीच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळ्या बायका सांगतात. एकदा रंगवून आलेल्या कापडाला त्याने फारसा फरक पडत नाही, सुटा रंग धुऊन काढणं हेच खरं. तीन-चार पाण्यांनंतरही पाणी लालच येत असेल तर ते कापड वाळवून कोरडंच वापर, त्याला पांढऱ्याचा शेजार देऊ नकोस आणि ती गोधडी पुढे कधीही पाण्यात घालू नकोस. गोधडीच्या मागे तशी चिठ्ठी शिव, म्हणजे तुझ्यामागे कोणी हौसेने धुवायला काढणार नाही.

ओटीच्या कापडावर हळदीकुंकवाचे डाग असतात. हळदीच्या डागाला साबण लावलास की तो क्षणात लाल होतो आणि नवशिकी घाबरते. घाबरू नकोस. साबण क्षारी असतो, हळदीचा रंग क्षाराने लाल होतो; स्वच्छ पाण्यात खळखळून काढ, शेवटच्या पाण्यात लिंबू पिळ, पुन्हा पिवळा दिसेल. मग ओलं कापडच उन्हात घाल. हळदीचा रंग ऊन सोसत नाही, दोन-चार उन्हांत फिका पडतो. पण सगळेच डाग काढायला जाऊ नकोस, असं माझं मत. आजेसासूबाईंनी तुझी पहिली ओटी भरली तेव्हा खणाच्या कोपऱ्याला त्यांच्या बोटाचं कुंकू लागलं असेल, तर तो कोपरा मी मुद्दाम दर्शनी घेईन.

जुनं रेशीम कोणी दिलं असेल, आजीचा शालू किंवा एखाद्या मोठ्या काकूंचं पातळ, तर ते दोन्ही हातांत धरून उजेडासमोर आडवं कर. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवर चिरतं. वरून दिसत नाही, उजेड मागून आला की रेघ दिसते. ती रेघ कापायच्या तुकड्यात येऊ देऊ नकोस. नाइलाज असेल तर मागून पातळ पेस्टिंग लाव, शिलाईच्या सामानाच्या दुकानात एका बाजूला गोंद असलेलं मिळतं तेच. आणि उरलेलं पातळ कपाटात ठेवताना वेगळ्या ठिकाणी घडी घाल.

साडी मिळाली असेल तर ती आख्खी बळी द्यायची गरज नाही. साडीला जोडून येणारा ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाउजपीस असतो, काठ तोच, पोत तोच. त्यातून कितीतरी काम निघतं आणि साडी नेसायला शाबूत राहते. ब्लाउज आधीच शिवून झाला असेल तर नेसूच्या टोकाकडून, म्हणजे आत खोचतो त्या बाजूने, वीतभर काढ. नेसल्यावर कोणाला कळत नाही. नऊवारीत तर याहून मोकळीक असते. पदराला हात लावायचा तो साडी फाटली असेल तरच. गेलेल्या माणसाची साडी असेल तर कात्री लावण्याआधी घरातल्या सगळ्या लेकी-सुनांना विचार. कोणाला ती अख्खी हवी असते, कोणाला वीतभर तुकडा. आधी वाटून घे, मग शीव.

विचारण्यावरून आठवलं. खण चोळीसाठी असतो, तो कापून भिंतीला टांगला हे काही मोठ्या बायकांना रुचत नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस, आधी जाऊन सांग. 'काकू, याची चोळी मी दोनदा घातली असती, भिंतीवर लावला तर रोज दिसेल.' बहुतेक जणी खूश होतात आणि वर आणखी एक कापड देतात. फारच कोणी कुरकुरलं तर कच्छ-सौराष्ट्रातल्या चाकळ्याचं सांग. चौकोनी, भरगच्च भरतकामाचं कापड असतं ते. लेकीच्या लग्नातलं सामान त्यात बांधून सासरी पाठवायचं आणि मग ते तिच्या घरच्या भिंतीवर लावायचं, शुभ म्हणून. भेटीचं कापड भिंतीवर मिरवायची रीत आपल्या शेजारी केव्हापासून आहे.

आता खणाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या पिशवीत खणच जास्त असणार. आपल्याकडे येणारे खण मूळचे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे. पन्हा लहान, दोन्ही बाजूंना काठ आणि मधे बारीक बुट्टी. जुन्या खणात उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असायचा. आता रेशमाच्या जागी बहुधा कृत्रिम धागा असतो. उभा-आडवा धागा वेगळ्या रंगाचा असला की खण हलवला की रंग हलतो. एकच खण घे, त्याचे दोन चौकोन काप, एक उभा ठेव आणि एक आडवा. दोन वेगळी कापडं वाटतील, एक गडद, एक उजळ. हे माहीत नसलं तर शिवून झाल्यावर एक चौकोन 'विटका' दिसतो आणि का ते कळत नाही. माहीत असलं तर एका खणातून दोन रंग मिळतात. म्हणून खण कापताना प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने बाण काढ, उभ्या धाग्याची दिशा दाखवणारा. भिंतीवर टांगल्यावर उभा धागा उभाच राहिला तर तुकडा लोंबत नाही, तेही एक.

खणाची दुसरी खोड म्हणजे धागे सुटतात. कापून टेबलावर ठेवलास आणि स्वयंपाक करून परत आलीस तर कडेला झालर झालेली असते. त्यावर उपाय एकच: कापण्याआधीच मागून पेस्टिंग चिकटव, मग काप. चौकोन कापल्यावर चिकटवायला गेलीस तर तो वाकडा झालेला असतो. इस्त्री घसरवू नकोस, दाबून उचल, दाबून उचल. शिवणीला एरवी पाव इंच सोडतो, खणाला अर्धा इंच सोड.

आणि काठ फेकू नकोस. खणाची ओळखच काठात असते. काठासकट तुकडा घे, नाहीतर काठ वेगळा काढून मधल्या चौकोनाला दोन बाजूंनी लाव. कुंची शिवणाऱ्या बायका काठ बरोबर बाळाच्या कपाळावर आणतात, बघ. तुझ्या बारशाची कुंची वहिनीकडे असेल, ती बघून घे, काठ कुठे वळवायचा ते तिच्यात सगळं दिसेल.

इरकली साडी असेल तर एवढंच लक्षात ठेव, की तिचं अंग सुती आणि पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. दोन्हींचे धागे विणताना जोडलेले असतात, पण दोन्ही पाण्यात सारखे वागत नाहीत. दोन्ही वापरणार असशील तर आधी धुऊन, वाळवून मगच काप.

मांडणीला फार डोकं लावू नकोस. एका गोधडीत एक मानाचं कापड घे, बाकीच्यांनी त्याच्याभोवती गप्प बसायचं. आहेराची कापडं भडक असतात, राणी, पोपटी, जरीची किनार, सगळीच एकदम बोलायला लागतात. त्यांच्यामधे मांजरपाट, साधी खादी किंवा जुन्या धोतराची पट्टी घाल. डोळे थकून येतात तेव्हा ही साधी पट्टीच त्यांना विसावा देते. सगळ्यात सोपी मांडणी अशी: मधे सहा इंचांचा चौकोन, मानाच्या कापडाचा. त्याभोवती दीड-दोन इंचांच्या पट्ट्या, आधी वर-खाली, मग डावी-उजवी, असं फिरत फिरत बाहेर जायचं. मधला चौकोन मामीचा, पहिली फेरी मांजरपाटाची, दुसरी आत्याची, तिसरी मावशीची. वर-खाली एखादी फेरी जास्त घातलीस की उभा आकार मिळतो. जमिनीवर मांडून फोनवर फोटो काढ आणि तो काळा-पांढरा करून बघ. सगळं एकाच करड्या रंगात मिसळलं तर रंग वेगळे असूनही गडद-फिकं जमलेलं नाही. एक गडद कापड काढून फिकं घाल. पूर्वी सासूबाई डोळे बारीक करून हेच बघायच्या.

तुकडे जोडताना शिवण एकसारखी पाव इंच, खणाला तेवढी अर्धा इंच, मशीनवर 14 नंबरची सुई पुरते, पातळ रेशमाला 11. प्रत्येक शिवण घातली की लगेच इस्त्री, आणि शिवणीची पट्टी गडद कापडाच्या बाजूला वळव. पातळ ब्लाउजपीसमधून गडद पट्टी फिक्याखाली गेली तर पुढून सावली दिसते. पारदर्शक कापडाला मागून पांढरं मुलमुल लावूनच घे.

थर मात्र मनापासून लाव. दुकानदार जाड फोमसारखं भरणं देईल, ते घेऊ नकोस. अंगावरच्या गोधडीला ऊब लागते, भिंतीवरच्या गोधडीला सपाटपणा लागतो. मधे जुन्या, मऊ झालेल्या सुती पातळाचे दोन थर पुरतात, किंवा बाळाच्या जुन्या दुपट्याचा एक. इथेही माणूस आत घालता येतो, आईचं फाटलेलं पातळ मधल्या थरात गेलं तर ते दिसणार नाही, पण तुला माहीत असेल. खालचं अस्तर सुती, वरच्यापेक्षा चारी बाजूंनी दीड इंच मोठं. अस्तर फरशीवर ताणून चिकटपट्टीने बसव, ताण म्हणजे सुरकुती जाईल एवढाच, रबरासारखा नाही. त्यावर पातळ, त्यावर जोडलेलं वरचं कापड. मधून बाहेर जात कच्चे टाके घाल, तळहाताएवढ्या अंतराने. बाहेरून आत आलीस तर सगळा फुगा मधे जमतो.

आता धावदोरा. दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब घेऊ नकोस. लांब दोरा वाचवत काही नाही, गुंततो आणि घासून झिजतो. मेणावरून एकदा ओढून घे. सुई आखूड आणि बारीक असू दे, मधल्या बोटाला अंगुस्तान घाल. पहिल्या दिवशी ते अडचणीचं वाटेल, दुसऱ्या दिवशी त्याशिवाय सुई पुढे जाणार नाही. गाठ हलका झटका देऊन वरच्या कापडातून आत ओढ, मधल्या थरात अडकू दे. सुईवर तीन-चार टाके भरून मग ओढ. टाका लहान हवा असं नाही, सारखा हवा. पुढून दिसतो तेवढाच मागे दिसला पाहिजे. अस्तर उलटून बघायची सवय लाव.

ओळींमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेव, पाऊण इंच म्हण. भिंतीवर लावलेली गोधडी कडेला लाटांसारखी वळते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. एका भागात दाट टाके आणि दुसरीकडे विरळ. दाट भाग आकसतो, विरळ फुगतो. पांघरायच्या वाकळीत ते खपून जातं. मानाच्या कापडावर नक्षी आडवी येऊ नये म्हणून लोक तो भाग कोरा सोडतात; सोडू नकोस. त्याच रंगाचा दोरा घे आणि बुट्ट्यांच्या मधल्या जागेतून ओळ ने. खणाची बुट्टी ओळीतच असते, खडूने आखायचीही गरज पडत नाही.

तुकडे वेडेवाकडे असतील, चौकोन निघतच नसतील, तर दुसरी रीत आहे. ती शिकावी ती सिद्दी बायकांकडून. कर्नाटकातल्या हल्याळ, येल्लापूर, मुंडगोडच्या जंगलभागात सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांतल्या अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलं, तिथून सुटून ते या रानात आले. आजही त्यांच्या बोलण्यात कोकणी आहे. त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात. आपल्यासारखे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. अस्तराच्या एका कोपऱ्यापासून सुरू करायचं, तुकडा ठेवायचा, त्याची कड आत दुमडायची आणि धावदोऱ्याने थेट अस्तरासकट शिवत जायचं, त्याला चिकटून पुढचा तुकडा. कडेकडेने फिरत मध्यावर येऊन संपतं. जोडणं आणि थर शिवणं एकाच दोऱ्यात होतं. आणि चारी कोपऱ्यांवर दुमडून त्रिकोणी केलेले छोटे तुकडे लावतात, त्याला त्या फुला म्हणतात. फुला लावल्याशिवाय कवंद पूर्ण झाली असं त्या मानत नाहीत. तुझ्याकडे शर्टपीसची, टॉवेलची, झबल्यांची कातरणं आहेत ना, त्यांना ही रीत चपखल बसेल. मला तर आता चौकोनांपेक्षा हीच जास्त आवडते, हातात धरून कुठेही बसून करता येते.

शिवून झाल्यावर गोधडी पाण्याच्या फवाऱ्याने ओलसर कर, जाड चादरीवर पसर आणि सरळ करून सुकू दे. रंग कच्चा असेल तर हे पाऊल गाळ. मग दोन्ही कर्ण मोज. इकडचा कोपरा ते तिकडचा कोपरा, दोन्ही मापं सारखी आली तर चौकट सरळ. नुसत्या बाजू मोजून कळत नाही, बाजू सारख्या असूनही आकार तिरपा असू शकतो. कर्ण जुळले की मगच कडा छाट.

कडेच्या पट्टीला उरेब कापड लागतं असं शिंपी सांगेल. गोल कडेला लागतं, सरळ कडेला सरळच पट्टी घे, उरेब ताणली जाते आणि भिंतीवरची कड झोळ खाते. सव्वा दोन इंच रुंद पट्टी, उभी दुहेरी दुमडून. 12 बाय 16 इंचांच्या गोधडीचा घेर 56 इंच. जोड आणि कोपऱ्यांसाठी दहा इंच जादा धर, म्हणजे 66. पन्हा 36 इंच असेल तर दोन पट्ट्या जोडून पुरतात. कोपऱ्यावर पाव इंच आधी थांब, दोरा तोड, पट्टी वर तिरकी दुमड, मग खाली सरळ आण आणि कडेपासून पुन्हा सुरू कर. मागची बाजू हाताने तुरप.

टांगायला लोक वरच्या कोपऱ्यांना दोन फासे लावतात. महिन्याभरात मधला भाग खाली येतो. नेफा कर, परकराला करतो तसाच. तीन इंच रुंद पट्टी, गोधडीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडून एकेक इंच कमी, मागे वरच्या कडेला हाताने शिव. दोन गोष्टी सांभाळ: टाका फक्त अस्तरात जाऊ दे, पुढे दिसता कामा नये. आणि नेफा घट्ट बसवू नकोस, काठीच्या जाडीएवढा सैल ठेव, नाहीतर पुढून काठीचा उंचवटा दिसतो. काठी बांबूची चालेल, पण आधी घासून तिला व्हार्निश दे, कच्च्या बांबूला भुंगा लागतो. गोधडी फूटभराहून लहान असेल तर नेफ्याचीही गरज नाही. तीन इंचांचे दोन चौकोन तिरके दुमडून वरच्या दोन कोपऱ्यांत कडेच्या पट्टीबरोबरच शिवून टाक. त्या दोन खिशांत पातळ पट्टी अडकवली की झालं.

पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नकोस, दुपारचं ऊन दोन वर्षांत लाल रंगाचा विटकरी करतं. गॅसच्या भिंतीवरही नको. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते. त्या भिंतीवर लावायचीच असेल तर मागे वरच्या-खालच्या कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या लाव, म्हणजे हवा खेळते. श्रावणात एक दिवस ऊन पडलं की काढून सावलीत वाऱ्यावर टाक, मागची बाजू वर करून. धूळ मऊ ब्रशने झटक. गोधडीच्या शेवटच्या कोपऱ्यात धान्याचे चार दाणे किंवा भाकरीचा तुकडा ठेवून तो शिवायचा, ही काही घरांत रीत आहे, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. तुला ठेवावंसं वाटलं तर हळदीकुंकवाचं बोट लाव, दाणे नकोत, किडे होतात.

मागच्या अस्तरावर नाव घाल. पेनाने नको, पुढे पसरतं किंवा उडतं. मांजरपाटाच्या तुकड्यावर दोऱ्याने उलट टाक्यात भर: कोणाचं कापड, कोणत्या निमित्ताने, कोणत्या साली, आणि शेवटी तुझं नाव. एकाहून जास्त जणींची कापडं असतील तर पुढच्या मांडणीप्रमाणेच नावं लिही, मधली मधे, बाजूची बाजूला. आणि प्रत्येक कापडाचा बोटभर तुकडा एका पाकिटात घालून ते पाकीट तिथेच टाच, उद्या कुठे विरलं तर ठिगळाला दुसरीकडून कापड आणावं लागणार नाही.

मामीच्या हिरव्या खणापासून सुरुवात कर. मामीचं आता वय झालं आहे, दिवाळीला ती तुझ्याकडे येईल तेव्हा ती गोधडी भिंतीवर असली पाहिजे. तोवर मांजरपाट आणि पेस्टिंग आणून ठेव. पुढच्या रविवारी मी येते, खण कापायच्या आधी पेस्टिंग आपण दोघी मिळून लावू. अंगुस्तान आणू नकोस, सासूबाईंचं माझ्याकडे आहे.